सहाणेवरची शाई

निसर्गचित्रण आणि मनःशांती यांची सांगड आज इतकी गृहीत धरली जाते की तिच्याविषयी काही विचारावे असे फारसे कोणाला वाटत नाही. रंगांची पेटी घेऊन झाडापानांसमोर बसले, मनात येईल तसे रंग वाहू दिले, की मन निवते आणि आतले काहीतरी आपसूक बाहेर येते, अशी या समजुतीची सर्वसाधारण मांडणी असते. ज्या परंपरेने या विषयाचा दीर्घकाळ आणि चिकाटीने विचार केला, त्या चीनमधील शाईचित्रांच्या परंपरेला मात्र ही मांडणी दोन्ही बाजूंनी उलटी वाटली असती. तिच्या लेखी शांतता ही चित्राला हात घालण्यापूर्वी जमवून ठेवण्याची सामग्री आहे, आणि चित्रकाराचे स्वत्व दिसते ते शेकडो वर्षे शेकडो जणांनी काढलेला तोच बांबू पुन्हा काढताना. हे दोन्ही दावे ऐकायला रुक्ष वाटतात, परंतु ते तत्त्वचर्चेइतकेच शाई, कागद आणि हात यांच्या रोजच्या व्यवहारातून आलेले आहेत.

चिनी भाषेत निसर्गचित्राला ‘शानश्वेइ’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘डोंगर-पाणी’. या प्रकाराविषयीच्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक झोंग बिंग (375 ते 443) या चित्रकाराचे आहे. तरुणपणी डोंगरदऱ्यांत मनसोक्त भटकलेल्या या माणसाला म्हातारपणी आजाराने घरी बसवले, तेव्हा पाहिलेले डोंगर त्याने घराच्या भिंतींवर रंगवले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांत हिंडता येते असे म्हटले. पुढे चिनी भाषेत ‘पडून केलेली भटकंती’ हा निसर्गचित्र पाहण्यासाठीचा रूढ शब्दप्रयोगच झाला. भिंतीवरच्या डोंगरांसमोर बसून तो तंतुवाद्य वाजवी, ते डोंगरांनी प्रतिसाद द्यावा म्हणून, अशीही नोंद आहे. म्हणजे आरंभापासूनच निसर्गचित्र हे निसर्गाच्या गैरहजेरीतले साधन होते. जो डोंगरात आहे त्याला डोंगराच्या चित्राची गरज नसते.

हाच विचार सहा शतकांनंतर सोंग राजवटीच्या दरबारातील चित्रकार ग्वो शी याने अधिक व्यवहारी शब्दांत मांडला. त्याचे 1072 मधील ‘वसंताची चाहूल’ हे मोठे चित्र आज तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि त्याची चित्रकलेविषयीची मते त्याच्या मुलाने ग्रंथरूपात जमवून ठेवली आहेत. सभ्य माणसाला डोंगर हवेसे वाटतात, परंतु नोकरी, आईवडील आणि राज्याचे काम सोडून जाणे त्याला शोभत नाही. अशा माणसाला आपल्या दालनातून न हलता धबधबा आणि माकडांचा आवाज मिळावा म्हणून निसर्गचित्र आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद कचेरीत अडकलेल्या माणसाचा आहे हे लक्षात घेतले, म्हणजे तो आजच्या वाचकाला इतका ओळखीचा का वाटतो हे निराळे सांगावे लागत नाही.

त्या ग्रंथात मुलाने वडिलांच्या कामाच्या पद्धतीचे वर्णन केले आहे. चित्र काढण्याच्या दिवशी ग्वो शी उजेडाच्या खिडकीपाशी स्वच्छ मेज मांडून बसे, दोन्ही बाजूंना धूप लावी, उत्तम कुंचला आणि शाई समोर ठेवी, हात धुई, शाईचा दगड धुऊन पुसून घेई, आणि घरी मोठा पाहुणा येणार असावा तसा मन ठिकाणावर येईपर्यंत थांबे. मन ठिकाणावर आले नाही तर काम सुरूच होत नसे. हे वर्णन वाचताना पूजेच्या तयारीची आठवण येणे मराठी वाचकाला टाळता येणार नाही, तथापि येथे देव कोणी नाही. पाहुणा म्हणून जो यायचा आहे तो चित्रातला डोंगरच, आणि यजमानाचे घर आवरलेले नसेल तर तो दारातून परत जातो.

या तयारीतील सर्वांत मोठा वाटा शाईचा. चिनी शाई मुळात बाटलीतली नव्हे. चीडाच्या लाकडाची किंवा तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस आणि थोडे सुगंधी द्रव्य यांचा लगदा मळून, साच्यात घालून आणि महिनोन्‌महिने वाळवून तिची कांडी बनते. आनह्वेइ प्रांतातील जुना ह्वेइजोऊ प्रदेश या कांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ही कांडी ज्या दगडावर घासायची, त्याला मराठीत ‘सहाण’ हा तयार शब्द आहे, कारण देवघरात चंदनाचे खोड जसे सहाणेवर पाण्याच्या थेंबाने उगाळतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की शाईच्या सहाणेला एका टोकाला खोलगट कुंड असते आणि उगाळलेली शाई त्यात उतरते.

उगाळण्याची रीत पाहण्यासारखी असते. सहाणेच्या सपाट भागावर चमचाभर पाणी घ्यायचे, कांडी उभी धरायची, आणि मनगट न ताणता संथ वर्तुळे काढत राहायचे. आरंभी पाणी नुसते करडे दिसते, मग कांडीमागे राहणारी रेघ क्षणभर टिकू लागते, आणि शेवटी द्रव किंचित तेलकट, दाट झाला की घासण्याचा आवाजच बदलतो. घाई केली किंवा जोर लावला तर काजळीचे कण नीट सुटत नाहीत आणि शाई रवाळ होते. म्हणून उगाळणाऱ्याचा हात आजाऱ्याचा असावा आणि कुंचला धरणाऱ्याचा पैलवानाचा, असा एक जुना दंडक चित्रकार आणि सुलेखनकार पाळत आले. या दहा-पंधरा मिनिटांत करण्यासारखे दुसरे काही नसते, आणि मन भरकटले तर त्याची चुगली शाईच करते. ध्यानाचे वर्ग चालवणारे जे साधकाला शब्दांनी सांगतात, ते येथे सरस आणि काजळी यांच्या गुणधर्मावर सोपवलेले आहे; प्रस्तुत विषयावरील जी आधुनिक पुस्तके बाटलीतल्या शाईपासून आरंभ करतात, त्यांच्या हातून नेमका हा भाग सुटतो.

शाईनंतर कागद. या चित्रांचा ‘श्वान’ कागद आनह्वेइ प्रांतातच जिंग परगण्यात बनतो. चिंगतान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून तो हाताने काढतात, आणि ही कारागिरी 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली. या कागदाच्या ‘कच्च्या’ प्रकाराला खळ दिलेली नसते, त्यामुळे शाई पृष्ठभागावर न थांबता टेकल्याक्षणी तंतूंत शिरते आणि पसरते. मुंबईच्या कलाशाळेतून महाराष्ट्रात रुजलेल्या जलरंगाच्या पद्धतीत कागद खळ दिलेला असतो, म्हणून ओला रंग थोडा वेळ हलवता येतो, टिपून घेता येतो, चुकलेली कड पाण्याने मऊ करता येते. श्वान कागदावर यातले काही चालत नाही. कुंचला जेथे रेंगाळतो तेथे डाग फुगतो, जेथे कचरतो तेथे रेघ कापते, आणि दुसऱ्यांदा फिरवलेली रेघ वाळल्यावर दुसऱ्यांदा फिरवलेली म्हणूनच दिसते.

बांबूचे एक पेर काढणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले तर या अटीचा अर्थ उलगडतो. कुंचला फिक्या शाईत पूर्ण भिजवून त्याच्या टोकाला एका बाजूने दाट शाई लावतात, म्हणजे एकाच फटकाऱ्यात खोडाची उजेडाची आणि सावलीची बाजू एकदम उमटते. कोपर मेजापासून उचललेले असते, कुंचला उभा असतो आणि हालचाल खांद्यातून होते. खोड वाढते त्याच दिशेने, खालून वर जायचे: टोक टेकवून दाबायचे, दाब न बदलता वर सरकायचे, पेराच्या शेवटी थांबून पुन्हा किंचित दाबायचे आणि उचलायचे; केसभर जागा कोरी सोडून पुढचे पेर सुरू करायचे. मधल्या कोऱ्या जागेत शाई पुरती वाळण्याआधी दाट शाईची छोटी आकडी दिली की गाठ तयार होते. पाने सर्वांत शेवटी येतात, आणि प्रत्येक पान एकाच श्वासात: टोक हलके टेकते, दाबाने पोट भरते, आणि उचलताना कुंचला हवेत निसटतो तेव्हा पानाचे अणकुचीदार टोक उरते. उन्हातली पाने वर उठलेली, पावसातली खाली लोंबणारी, वाऱ्यातली एका अंगाला झुकलेली. एका मध्यम आकाराच्या चित्रात साठ-सत्तर पाने सहज असतात आणि त्यांतले एकही खोडता येत नाही.

अशा कागदापुढे ‘मनात येईल तसे’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण काढता काढता विचार करण्याची सोयच येथे नाही. अकराव्या शतकात बांबूच्या चित्रांसाठी गाजलेला वेन तोंग (1018 ते 1079) आणि त्याचा नातलग, कवी आणि प्रशासक सू शी (1037 ते 1101) यांच्यातील चर्चेचे मूळ येथेच आहे. बांबू काढायचा तर आधी पूर्ण बांबू छातीत तयार हवा, तो दिसताच कुंचला उचलून ससाण्याच्या झेपेसारखा त्याच्या मागे जायला हवा, क्षणभर ढिलाई झाली की तो गेला, असे वेन तोंगचे शिकवणे असल्याचे सू शी लिहितो. ‘छातीत तयार बांबू’ हा शब्दप्रयोग आज चिनी भाषेत कोणत्याही कामाची पक्की तयारी असलेल्या माणसाविषयी वापरला जातो. त्याच लेखात सू शी प्रांजळपणे कबूल करतो की हे सारे त्याला समजते, पण हातून उतरत नाही, आणि समजूनही न जमणे हा सवयीच्या अभावाचा दोष आहे. कलेविषयी लिहिणाऱ्यांत इतका स्वच्छ कबुलीजबाब क्वचित आढळतो.

हा लेख ज्या परिस्थितीत लिहिला गेला ती मात्र शांत म्हणण्यासारखी नव्हती. 1079 च्या आरंभी वेन तोंग वारला; त्या वर्षी चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात हूजोऊ येथे सू शी कसर लागू नये म्हणून आपल्या पोथ्या-चित्रे उन्हात घालत असताना मित्राने दिलेले बांबूचे चित्र हाती आले, आणि गुंडाळी बाजूला ठेवून तो रडला. त्याच महिन्याच्या अखेरीस राजनिंदेच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी ह्वांगजोऊला त्याची हद्दपारी झाली. दुसऱ्या एका टिपणात त्याने वेन तोंगचे एक मत नोंदवले आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते कळीचे आहे: मन स्वस्थ नसे आणि त्या अस्वस्थतेला वाट सापडत नसे म्हणून ती बांबूंच्या रूपाने बाहेर पडली, तो एक आजारच होता, आणि आता आजार बरा झाला तेव्हा करायचे काय, असा वेन तोंगचा प्रश्न होता. सू शीने त्यावर मिस्किलपणे लिहिले की आजार बरा झाल्याचे त्याला पटत नाही. तो पुन्हा कधी उसळतो याची वाट पाहून चित्रे पळवण्याचा त्याचा बेत आहे. कलेचे औषध मानणाऱ्यांच्या ध्यानात हा विनोद सहसा येत नाही. चित्रकार पूर्ण बरा झाला तर चित्र थांबते, ही शक्यता वेन तोंगने गंभीरपणे विचारात घेतली होती.

या मंडळींना ‘वेनरेन’ म्हणत, म्हणजे विद्वान गृहस्थ. परीक्षा देऊन राज्याच्या सेवेत शिरलेले किंवा त्या सेवेपासून दूर राहिलेले, लिहिण्या-वाचण्यात मुरलेले लोक. चित्रकला हा त्यांचा पोटाचा धंदा नसावा अशी अपेक्षा असे, आणि कागदावरचा कुंचला त्यांच्या हातात अक्षरे गिरवतानाच बसलेला असे. त्यामुळे बांबू ‘काढणे’ याऐवजी बांबू ‘लिहिणे’ असा शब्द ते वापरत, आणि बारीक रेखाटनाच्या ‘गोंगबी’ शैलीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून या मोकळ्या शैलीला ‘श्येयी’, म्हणजे ‘आशय लिहिणे’, असे नाव पडले. आत्माविष्काराची त्यांची कल्पना या शब्दातच आहे. अक्षराचा आकार सर्वांचा एकच असतो, ‘क’चा ‘ख’ करण्याची मुभा कोणालाच नसते, तरीही हस्ताक्षर माणसागणिक वेगळे उमटते, बांबूचेही तसेच.

म्हणूनच विषयांची संख्या मुद्दाम थोडी ठेवलेली दिसते. ऐन थंडीत फुलणारे ‘मेइ’, म्हणजे जर्दाळूच्या जातीचे झाड, निर्जन दरीत दरवळणारे ऑर्किड, वाकणारा पण न मोडणारा आणि आतून पोकळ, म्हणजे अहंकाराने न भरलेला, बांबू, आणि धुके-दहिवरात टिकणारी शेवंती, या चौघांना ‘चार सज्जन’ म्हणतात. ऑर्किडची पाने शिकताना पहिले लांब पान, त्याला छेदणारे दुसरे, आणि त्या दोघांमध्ये तयार झालेल्या डोळ्याच्या आकाराला मोडणारे तिसरे, हा क्रमसुद्धा ठरलेला असतो. 1679 मध्ये नानजिंगला छापून निघालेल्या आणि 1701 मध्ये या चार वनस्पतींच्या भागासह वाढवलेल्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रशिक्षणाच्या ग्रंथाने हे क्रम घरोघर पोचवले, आणि पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य चित्रकार ठरलेला ची बाइशी (1864 ते 1957) तरुणपणी सुतारकाम करीत असताना हाच ग्रंथ गिरवून चित्र शिकला. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. तीच बंदिश चार गवयांनी गायल्यावर जे वेगळे उरते ते गवयाचे असते, आणि बंदिश जितकी ओळखीची तितके ते वेगळेपण चटकन कानावर येते.

अर्थात गिरवण्याने सर्वांनाच स्वत्व सापडले असे नाही. त्या ग्रंथाच्या आधाराने निर्जीव बांबूंचीही पिढ्यान्‌पिढ्या भर पडली, आणि अशा चित्रांची संग्रहालयांत वाण नाही. उलट बाजूने, चित्रकार ली कान (1245 ते 1320) दरबारी कामाने आजच्या उत्तर व्हिएतनामपर्यंत गेला असता तेथील बांबू निरखून आला आणि त्याने बांबूंच्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर क्वान ताओशेंग (1262 ते 1319) ही स्त्री बांबूच्या चित्रांत तिचा पती आणि विख्यात चित्रकार जाओ मेंगफू याच्या बरोबरीने गणली गेली. खिडकीच्या कागदावर चांदण्यात पडलेली बांबूची सावली गिरवून ही कला प्रथम एका स्त्रीनेच शोधली, अशी जी दंतकथा आहे, तिला ऐतिहासिक आधार नसला तरी शाईचा काळा बांबू हा मुळात सावलीचा बांबू आहे हे तिने अचूक हेरले आहे; हिरवा बांबू काळा का, या प्रश्नाचे यापेक्षा सोपे उत्तर नाही.

आता प्रश्न उरतो तो या चित्रांतील शांततेच्या खरेपणाचा. ती निश्चिंत माणसांची शांतता होती असे म्हणता येत नाही. 1279 मध्ये मंगोलांनी सोंग राजवट संपवल्यानंतर जंग सश्याओ (1241 ते 1318) याने ऑर्किड काढली ती मुळांशिवाय आणि मातीशिवाय, कारण माती परक्यांनी नेली होती. 1306 मधले त्याचे असे एक चित्र आज ओसाका येथे आहे, आणि त्यात थोडी पाने, एक फूल आणि भोवती रिकामा कागद याखेरीज काही नाही. नी झान (1301 ते 1374) हा वूशीचा श्रीमंत गृहस्थ, परंतु अंदाधुंदी आणि कर यांना कंटाळून त्याने मालमत्ता सोडली आणि ताइ सरोवराच्या परिसरात नावेतून वर्षे काढली. त्याच्या चित्रांची घडण जवळपास कायम तीच: पुढे खडकाळ किनारा आणि चार-पाच विरळ झाडे, कधी एखादा रिकामा मांडव, मधे कोरे पाणी, पलीकडे बुटक्या टेकड्या. माणूस कोठेही नाही. आपल्या बांबूला कोणी ताग म्हटले किंवा बोरू म्हटले तरी भांडायचे कारण नाही, कारण आपण छातीतली उसळी तेवढी कागदावर उतरवतो, अशा अर्थाचे त्याने एका चित्रावर लिहिले. आत्माविष्काराविषयी या परंपरेतले हे सर्वाधिक उद्धृत होणारे विधान असावे.

शू वेइ (1521 ते 1593) याने वेडाच्या भरात पत्नीची हत्या केली आणि सात वर्षे तुरुंगात काढली. त्याची शाईची द्राक्षे फेकल्यासारखी ओघळलेली आहेत. मिंग राजघराण्यात जन्मलेला बादा शानरेन (1626 ते 1705) याने विशीच्या आतच 1644 मध्ये आपले राज्य बुडालेले पाहिले, भिक्षू होऊन जीव वाचवला, मधल्या काळात त्याच्या मनाचा तोल गेला, आणि नंतर तो पक्षी व मासे काढू लागला, ज्यांचे डोळे पांढरे करून वर फिरवलेले असतात. त्याची सही अशा रीतीने जोडलेली की तीत ‘हसणे’ आणि ‘रडणे’ ही दोन्ही अक्षरे वाचता येतात. पाहणाऱ्याला ही चित्रे शांत वाटतात हे खरे आहे, कारण त्यांत कागद पुष्कळ आणि शाई थोडी आहे. पण राग, शोक आणि परकेपणा यांना येथे मज्जाव नव्हता. त्यांच्यावर अट होती ती एवढीच की त्यांनी एका फटकाऱ्यात मावावे.

चित्रकलेने आयुष्य वाढते असा दावाही जुना आहे. दोंग चीचांग (1555 ते 1636) या प्रभावी टीकाकाराने निसर्गचित्रकार दीर्घायुषी असतात, धुके आणि ढग हेच त्यांचे पोषण, असे लिहिले, आणि उदाहरणादाखल नव्वदीतही टवटवीत दिसणारा ह्वांग गोंगवांग पुढे केला, तर रेघ न्‌ रेघ घोटणाऱ्या शैलीच्या छ्यू यिंगला अल्पायुषी ठरवले. दाखल्यांची अशी निवड आजही पुष्कळदा केली जाते. ह्वांग गोंगवांग प्रत्यक्षात 1269 ते 1354 असा जगला, म्हणजे नव्वदी त्याने पाहिली नाही. पण ‘फूचुन डोंगरातील निवास’ ही चित्रगुंडाळी त्याने 1347 च्या सुमारास हाती घेतली आणि सवड व मनःस्थिती साधेल तेव्हा थोडी थोडी काढत 1350 मध्येही तो तिच्यावर काम करीतच होता, ही गोष्ट आयुर्मानापेक्षा अधिक बोलकी आहे. ती गुंडाळी 1650 मध्ये तिच्या मालकाने मृत्युशय्येवरून बरोबर नेण्यासाठी आगीत टाकायला लावली, भाच्यापुतण्यांपैकी एकाने ती ओढून काढली, आणि तेव्हापासून तिचे दोन तुकडे आहेत, एक हांगजोऊला आणि दुसरा तैपेइला. 2011 मध्ये ते काही काळ शेजारी शेजारी मांडले गेले. शांततेच्या या नामांकित चित्राच्या वाट्याला स्वतः फारशी शांतता आली नाही.

आधुनिक संशोधनाचा उल्लेख येथे आटोपता ठेवणे योग्य. रॉजर उलरिक याने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांची तुलना होती. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. 2016 मधील एका अमेरिकी अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे चित्र, माती किंवा चिकटकाम केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले, तथापि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पहिला अभ्यास पाहण्याविषयी आहे, दुसरा करण्याविषयी, आणि सहाण, कागद, सवय यांतून घडणाऱ्या साधनेविषयी दोहोंपैकी एकही काही सांगत नाही. भारतात या साधनेचे पडसाद आधी जपानमार्गे बंगालमध्ये उमटले: 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार कोलकात्याला आले, तेव्हा त्यांची कामाची रीत पाहून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी आपली धुवट रंगांची पद्धत घडवली, आणि 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीनला जाऊन आले.

या परंपरेतील शेवटचा शब्द जंग श्ये ऊर्फ बानच्याओ याला देणे सयुक्तिक, कारण त्याने शांतता आणि संसार या दोहोंचा हिशेब एकत्र मांडला. 1693 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने शानडोंग प्रांतात दोन परगण्यांचा दंडाधिकारी म्हणून काम केले, दुष्काळात सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले, आणि 1753 मध्ये ती नोकरी सुटल्यावर यांगजोऊला येऊन बांबू, ऑर्किड आणि खडक विकून पोट भरले. शरद ऋतूतल्या पहाटे नदीकाठच्या घरी बांबूंमधून फिरणारे धुके, ऊन आणि दव पाहून चित्र काढावेसे वाटले, त्या प्रसंगाविषयी त्याने नोंदवले की छातीतला बांबू डोळ्यांपुढचा बांबू नव्हता, आणि शाई उगाळून कागद पसरून कुंचला चालवला तेव्हा हातातून उतरलेला बांबू छातीतलाही नव्हता. वेन तोंगला छातीत पूर्ण तयार बांबू हवा होता. जंग श्येला सात शतकांनंतर तो हाताशी पोचेपर्यंत बदलतो याचे वैषम्य वाटत नाही, आणि त्याच्या चित्रांतली पाने पाहता तो बदल त्याने मोकळ्या मनाने होऊ दिलेला दिसतो.

1759 मध्ये त्याने आपल्या दारी दरपत्रक लावले. मोठ्या चित्राला चांदीचे सहा तायेल (एक तायेल म्हणजे साधारण तीन तोळे), मध्यमाला चार, लहानाला दोन, लिहिलेल्या जोड-पंक्तींना एक, पंख्याला किंवा वहीच्या पानाला अर्धा. विद्वान गृहस्थाने पैशाचे नाव घेऊ नये या संकेताची त्यात उघड थट्टा होती. भेटवस्तू आणि खाण्याचे जिन्नस आणू नयेत, कारण देणाऱ्याला आवडते ते घेणाऱ्याला आवडेलच असे नाही, रोख चांदी समोर आली की मन प्रसन्न होते, आणि मन प्रसन्न असले की चित्र चांगले उतरते, असे कारणही त्याने खाली जोडले होते. ग्वो शीला त्यासाठी उजेडाची खिडकी आणि धूप लागत असे.